एक अंश

आज पुन्हा ओस्मो मेंदू शिजवतोय.
पाणी, साखर, अगरची पूड,
आणि मीठ, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलेलं.
मंद आचेवर ढवळत राहतो,
बुडाला लागू देत नाही.

खिडकीबाहेर ओउलूचा समुद्र गोठून पडलाय.
हा समुद्र अळणी, ओस्मो सांगतो,
नद्यांनी त्याची चवच धुऊन नेली.
आपलं डोकं याच्या तिप्पट खारट.
आणि खाऱ्यातून रेडिओची लाट
बाहेर येईतो अर्धमेली होते.

प्लॅस्टिकच्या कवटीत ओतलेला मेंदू
थिजायची वाट बघत आम्ही कॉफी पितो.

माझं काम अँटेना.
जागा मसुराच्या डाळीएवढी.
दोन वर्षं मी तिच्या वळणांशी भांडले,
झोपेत बोटांनी चादरीवर तीच वळणं काढत.
मोठ्यानं बोलू दिलं तर बॅटरी दमते,
आणि भोवतालचं मांस तापतं.
डोकं तापणं हा आमच्याकडे वाक्प्रचार नाही.
सदतीसवर एक अंश, बस्स.
त्यापुढे पेशी
तक्रार न करता मरू लागतात.

म्हणून यंत्राला शिकवलं:
सगळं ऐक, थोडंच सांग.
दिवसभराची कुजबुज गिळून टाक,
वादळाची चाहूल लागली तरच कळव.

ताइमी आली ती फेब्रुवारीत,
हाइलुओतो बेटावरून, बर्फावरच्या रस्त्यानं.
गाडी बहिणीनं चालवली;
हिचं लायसन फिट्स सुरू झाल्या तेव्हाच गेलं.
तीस वर्षं फेरीवर दोर सांभाळलेले हात.
झटका यायच्या आधी, म्हणाली,
ओल्या दोराचा वास येतो.
बाकी कुणालाच येत नाही.

यंत्र तिनं तळहातावर घेतलं, उजेडात फिरवलं.
"माशाच्या कानात असाच खडा असतो," म्हणाली,
"त्याच्यावरून वय मोजतात."
मग कवटीला किती मोठं भोक, टाके किती,
यातलं काहीच न विचारता तिनं विचारलं:
"हे घालून सौनात जाता येईल ना?"

आम्ही अकराजण.
अकराहीजण दर शनिवारी
ऐंशी अंशांत उघडे बसणारे.
फळ्यावर भिंतभर समीकरणं,
आणि त्यांत शनिवार कुठेच नव्हता.

शस्त्रक्रिया त्यानंतर आठ महिन्यांनी झाली.
तोवर आम्ही निकेलचे, सिरॅमिकचे, कसले कसले लेप लावून पाहिले,
शेवटी ठरलं ते इतकं साधं की सांगायची लाज वाटते:
अडतीस ओलांडलं की यंत्रानं झोपायचं.
डॉक्टर हिल्ला चिडल्या. नेमका तेव्हाच झटका आला तर?
ताइमी म्हणाली, "बहीण असते की शेजारी.
तिला ऐंशी अंशांतही दिसतं."

आता तिच्या नोंदी माझ्या पडद्यावरून वाहतात.
शनिवारी सहा दहा ते सहा पन्नास
तिथे काही नाही.
शून्य नव्हे. शून्य ही एक नोंद असते.
नवा मुलगा, वेसा, परवा विचारत होता,
मागच्यापुढच्या लाटांवरून
ही फट भरून काढू का? प्रोग्रॅम आहे माझ्याकडे.
मी म्हटलं, हात लावू नकोस.
का, ते मला नीट सांगता आलं नाही.
बँडविड्थबद्दल काहीतरी बोलले.

सहा एक्कावन्नला लाटा परत येतात,
रुंद, संथ, घाई नसलेल्या.
त्याआधी ती बर्फात लोळली असेल,
की पायरीवर बसून वाफ सोडत असेल अंगाची,
यंत्राला ठाऊक नाही, आणि विचारायला
मी काही तिच्या घरची नाही.

कसला तरी वास येतोय.
क्षणभर मला दोर आठवतो, ओला.
मग कळतं, साखर जळतेय,
कारण ओस्मो केव्हाचा इथेच उभा आहे,
माझ्या खांद्यामागे, डाव हातात धरून,
त्या चाळीस मिनिटांकडे बघत.